फ्रान्सच्या सेव्हेन डोंगरात रोड सायकलने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण फ्रान्समधील सेव्हेन भागात दोन वेगवेगळ्या वर्षी, एकदा जूनमध्ये आणि एकदा सप्टेंबरमध्ये, सायकलवरून फिरून आल्यानंतर मित्रांकडून आणि मित्रांच्या मित्रांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. या भागात पायांतील ताकदीपेक्षा पाणी, जेवण आणि दुकानांच्या वेळा यांचे नियोजन अधिक कसोटीचे ठरते. त्यामुळे उत्तरांचा बराचसा भाग त्यावरच खर्ची पडला आहे.

सेव्हेन नेमके कुठे आहे?

नावाचा इंग्रजी ‘सात’शी काहीही संबंध नाही, फ्रेंच उच्चार ‘सेव्हेन’ असा, दुसऱ्या अक्षरावर जोर देऊन होतो. फ्रान्सच्या मध्यभागी असलेल्या मासिफ सांत्राल या जुन्या पठारी डोंगराची भूमध्य समुद्राकडे तोंड करून उभी असलेली आग्नेय कड म्हणजे सेव्हेन. नीम हे रोमन काळापासूनचे शहर (याचाही कडुलिंबाशी संबंध नाही) या डोंगरांच्या पायथ्यापासून जवळ आहे. सर्वांत उंच जागा म्हणजे माँ लोझेरचे फिनिएल शिखर, उंची १६९९ मीटर. आल्प्सच्या मानाने ही उंची किरकोळ वाटते, परंतु दऱ्या खोल असल्यामुळे दिवसाअखेर एकूण चढाईचा आकडा आल्प्सइतकाच भरतो. येथील राष्ट्रीय उद्यान १९७० साली स्थापन झाले आणि त्याच्या गाभ्याच्या भागातही माणसे राहतात, शेती करतात, मेंढ्या चारतात. चुनखडीची पठारे आणि सेव्हेन मिळून २०११ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, आणि ती मुख्यतः या मेंढपाळ जीवनामुळेच.

रस्ते खरोखर इतके मोकळे असतात का? आणि का?

असतात. या भागाचा मोठा हिस्सा लोझेर जिल्ह्यात येतो. त्याचे क्षेत्रफळ ५१६७ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या सिंधुदुर्गाएवढे आहे. परंतु २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सर्वांत कमी लोकसंख्या असलेल्या सिंधुदुर्गात साडेआठ लाख माणसे होती, तर लोझेरमध्ये पाऊण लाखाच्या आसपास आहेत. सकाळच्या पहिल्या दोन तासांत एक दूधगाडी आणि एक टपालाची पिवळी गाडी, एवढीच वाहतूक मला एका दिवशी मोजता आली.

ही शांतता मुळातली नव्हे. एकेकाळी येथील उतारांवर आपल्या भातखाचरांच्या बांधांसारख्या दगडी पायऱ्या बांधून इंचन् इंच जमीन कसलेली होती. खालच्या अंगाला तुतीची झाडे, वरच्या अंगाला चेस्टनटची. तुतीवर रेशीमकिडे पोसले जात आणि चेस्टनट हेच गरिबाघरचे मुख्य अन्न असे. त्या झाडाला लोक ‘भाकरीचे झाड’च म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेशीमकिड्यांवर रोग पसरला. लुई पाश्चर १८६५ साली त्याचा अभ्यास करण्यासाठी याच भागातील आलेस येथे येऊन राहिले आणि निरोगी अंडी निवडण्याची पद्धत त्यांनी शोधून काढली, परंतु तोवर आशियातील स्वस्त रेशीम बाजारात येऊ लागले होते. खाणी आणि शहरे यांनी माणसे ओढून घेतली. आज चढावर धापा टाकत असताना रानात शिरलेले दगडी बांध, छप्पर कोसळलेले चेस्टनट वाळवण्याचे कोठार आणि खिडक्या बंद असलेली घरे दिसत राहतात. कोकणातली कुलूपबंद घरे पाहिलेल्या माणसाला त्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

कोणत्या महिन्यात जावे?

मेचा उत्तरार्ध, जून, आणि सप्टेंबरचे पहिले दोन आठवडे. जुलै–ऑगस्टमध्ये दऱ्यांत उकाडा असतो आणि तार्न नदीच्या घळीतला रस्ता मोटारींनी भरून जातो. शांततेसाठी जाणाऱ्याने तेव्हा जाऊ नये. डिसेंबर ते मार्च उंचावरच्या खिंडी बर्फामुळे बंद असू शकतात.

सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंतच्या पावसाबद्दल मात्र स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. उन्हाळाभर तापलेल्या भूमध्य समुद्रावरून येणारे दमट वारे या डोंगरकडेवर आदळतात, वर चढताना थंड होतात आणि एकाच जागी तासन् तास कोसळतात. सह्याद्री आणि नैर्ऋत्य मोसमी वारे यांचे जे नाते, तेच हे; फरक इतकाच, की आपल्याकडे चार महिन्यांत पडणारा पाऊस येथे काही वेळा एका दिवसात पडण्याचा प्रयत्न करतो. १९ सप्टेंबर २०२० रोजी व्हालरोग या गावात एका दिवसात ७०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि रस्ते व पूल वाहून गेले. ‘ताम्हिणीत भर पावसात सायकल चालवली आहे’ हा अनुभव येथे उपयोगी पडत नाही. हवामान खात्याने नारिंगी किंवा लाल इशारा दिला असेल, तर सायकल न काढता मुक्कामीच थांबावे; अरुंद दरीतील नदी तासाभरात रस्त्यावर येते.

व्हिसा कोणता लागतो?

नेहमीचा अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा. सायकलसाठी वेगळे काही नाही. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा बंधनकारक असतो. तो घेताना सायकलिंग त्यात समाविष्ट आहे ना, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत वाचून पाहावे. अर्जासोबत प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा द्यावा लागतो, त्यामुळे ‘जिथे थकू तिथे थांबू’ हा बेत भारतीय पासपोर्टधारकाला तसाही परवडत नाही.

तेथपर्यंत पोहोचायचे कसे?

मुंबईहून पॅरिस आणि पॅरिसहून वेगवान रेल्वेने सुमारे तीन तासांत नीम. काही गाड्या थेट पॅरिस विमानतळाखालच्या स्थानकातूनच सुटतात. सायकलची पेटी घेऊन शहर ओलांडण्याचा त्रास वाचवायचा असेल, तर त्या पाहून तिकीट काढावे. वेगवान गाडीत सायकल सुटी करून पिशवीत भरलेली असेल तरच सामान म्हणून चालते. नीमहून आलेसला जाणाऱ्या प्रादेशिक गाडीत मात्र सायकल आहे तशी चढवता येते. हाच लोहमार्ग पुढे डोंगर चिरत क्लेर्माँ-फेराँपर्यंत जातो. १८७० साली पूर्ण झालेला तो मार्ग बोगदे आणि कमानींचे पूल यांनी इतका भरलेला आहे, की बोरघाटातून रेल्वेने गेलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटावा. पाय दुखावले, हवा बिघडली, तर माघार घेण्याचा हाच सर्वांत सोपा रस्ता.

स्वतःची सायकल न्यावी की भाड्याने घ्यावी?

सात दिवसांहून अधिक फिरायचे असेल, तर स्वतःची. आपल्या अंगाला बसलेली खोगीर आणि दांडी यांना पर्याय नाही. पेटीसह वजन २३ किलोच्या आत बसवावे आणि सायकल नेत असल्याचे विमान कंपनीला तिकिटाच्या वेळीच कळवावे. भाड्याची सायकल घेतल्यास पहिल्याच दिवशी एक गोष्ट तपासा: फ्रान्समध्ये पुढचा ब्रेक सहसा डाव्या हाताला असतो, आपल्याकडे बहुतेक सायकलींना तो उजव्या हाताला असतो. उतारावरच्या पहिल्या वळणावर हे लक्षात येण्याऐवजी दुकानासमोर लक्षात आलेले बरे.

टायर २८ किंवा ३० मिलिमीटरचे असावेत, कारण छोट्या रस्त्यांवरचे डांबर खडबडीत आहे आणि कडेला चेस्टनटची काटेरी टरफले व खडी साचलेली असते. पुढे ३४ दात्यांची लहान चकती आणि मागे ३२ किंवा ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) ठेवा. मित्रांसमोर लाज वाटत असेल, तर चढ संपल्यावर वाटू द्यावी.

मार्ग कसा आखावा?

मला सर्वांत जमलेला मार्ग असा होता. आलेसहून निघून आँद्यूझमार्गे सँ-झाँ-द्यु-गार गाठावे. हा पहिला दिवस मुद्दाम जेमतेम ३० किलोमीटरचा ठेवावा, कारण विमानप्रवासाचा शीण पायांत उतरलेला असतो. दुसऱ्या दिवशी ‘कोर्निश दे सेव्हेन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डी-९ रस्त्याने फ्लोराकपर्यंत सुमारे ५३ किलोमीटर. सुरुवातीला सँ-पिएर खिंडीचा चढ चढून गेले, की रस्ता दोन दऱ्यांच्या मधल्या धारेवरून जातो आणि दोन्ही हातांना निळसर डोंगरांच्या ओळी एकामागे एक लागलेल्या दिसतात. हे रस्ते फिरण्यासाठी बांधलेले नाहीत. चौदाव्या लुईने १६८५ साली प्रोटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले; १७०२ साली येथल्या शेतकऱ्यांनी आणि लोकर विंचरणाऱ्या कारागिरांनी बंड केले. डोंगरांत लपून लढणाऱ्या या ‘कामिझार’ टोळ्यांविरुद्ध तोफा आणि सैन्य हलवता यावे म्हणून खेचरांच्या जुन्या वाटा रुंद करण्यात आल्या. मूठभर माणसांनी डोंगरांच्या आधाराने बलाढ्य बादशाही फौजेला झुंजवत ठेवण्याची गोष्ट मराठी वाचकाला नवी वाटू नये.

फ्लोराकला दोन मुक्काम करावेत. मधल्या दिवशी सामान खोलीवर ठेवून तार्न नदीच्या काठाने पाँ-द-माँव्हेरला जावे, जेथे त्या बंडाची पहिली ठिणगी पडली, आणि तेथून फिनिएल खिंड (१५४१ मीटर) चढून त्याच रस्त्याने परत यावे. वर झाडे संपतात आणि ग्रॅनाइटचे गोलसर धोंडे व पिवळी फुले एवढेच उरते.

चौथ्या दिवशी फ्लोराकहून तार्नच्या घळीतून सँत-एनिमी, ला मालेन करत ल रोझिएपर्यंत सुमारे ६० किलोमीटर. रस्ता नदीबरोबर उतरत जातो, मधे खडकातून कोरलेले छोटे बोगदे आहेत; दिवा लावलेला असावा. पाचव्या दिवशी जाँत नदीच्या घळीतून मेरुएसपर्यंत २१ किलोमीटरचा सावकाश चढ. येथे मान वर करून चालवावेसे वाटते, कारण कड्यांवर गिधाडे घिरट्या घालत असतात. ती येथून नाहीशी झाली होती. १९८१ पासून त्यांना पुन्हा सोडण्यात आले आणि आता त्यांची वसाहत चांगली रुजली आहे. सहाव्या दिवशी एगुआल शिखर आणि उतरून व्हालरोग. सातव्या दिवशी आस्क्लिए खिंडीवरून (९०५ मीटर) परत सँ-झाँ-द्यु-गार. आस्क्लिएचा रस्ता एका बैलगाडीइतका रुंद आहे आणि संपूर्ण फेरीतला तो माझा सर्वांत आवडता.

ज्यांच्याकडे आणखी एक दिवस आहे, त्यांनी घळीतून वर कोस मेझाँ या पठारावर चढावे. सुमारे १००० मीटर उंचीवरचे हे चुनखडीचे माळरान आहे: पाऊस पडतो, पण पाणी जमिनीत मुरून जाते आणि पृष्ठभागावर ओढासुद्धा नाही. मेंढ्यांसाठी दगडांनी बांधून काढलेली उथळ तळी दिसतात, तीच काय ती ओल.

चढ किती अवघड आहेत?

तीव्र नाहीत, लांब आहेत. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला चढणाऱ्या माणसाने असे समजावे, की फिनिएलची खिंड म्हणजे पसरणीपेक्षा थोडी अधिक, आणि व्हालरोगहून एगुआलचा चढ म्हणजे पसरणी दोनदा, मधे चहाला न थांबता. सुमारे ३० किलोमीटरमध्ये १२०० मीटर. चार–पाच टक्क्यांचा (म्हणजे शंभर मीटर अंतरात चार–पाच मीटर उंची) हा चढ एका लयीत चढता येतो. सिंहगड नियमित चढणाऱ्याला उलट अडचण अशी होते, की तो पहिल्या पाच किलोमीटरमध्येच जोर लावून मोकळा होतो. अवघडच हवे असेल, तर ल व्हिगाँच्या बाजूने ल्युझेत खिंड आहे: ११.७ किलोमीटर, सरासरी ७.३ टक्के. २०२० च्या तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा सहावा टप्पा याच खिंडीवरून एगुआलला संपला आणि कझाकस्तानच्या अलेक्सी लुत्सेंकोने तो जिंकला.

एगुआलच्या माथ्यावर काय आहे?

वारा. उंची सुमारे १५६५ मीटर, आणि समुद्राकडून व अटलांटिककडून येणाऱ्या हवा येथे एकमेकींना भिडतात. माथ्यावर किल्ल्यासारखी दगडी वेधशाळा आहे. ती १८९४ पासून उभी आहे आणि एकविसाव्या शतकातही तेथे हवामान निरीक्षक राहत असत. आता तेथे हवामानबदलावरचे प्रदर्शन आहे. आजूबाजूचे जंगल मात्र निसर्गतः आलेले नाही. चराई आणि तोड यांनी हा डोंगर उघडा पडला होता व पावसाचा गाळ खालच्या गावांवर येत होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज फाब्र या वनाधिकाऱ्याने तो पुन्हा लावला.

जूनमध्ये खाली दरीत घाम निथळत असताना माझ्यासोबतच्या एकाने वाऱ्याचे जाकीट खोलीवर ठेवले. माथ्यावर त्याला ब्रेक दाबण्याइतकीही बोटे वळेनात, आणि आम्ही वेधशाळेच्या भिंतीआड बसून त्याला स्वतःचे हात काखेत धरायला लावले. पूर्ण बोटांचे हातमोजे आणि जाकीट, जूनमध्येही.

उतारांबद्दल काही विशेष सूचना?

मेरुएसहून एगुआलकडे जाताना पेर्झ्युरे खिंड (१०२८ मीटर) लागते. १० जुलै १९६० रोजी तूर द फ्रान्समध्ये रोझे रिव्हिएर हा एका तासात सर्वाधिक अंतर कापण्याचा जागतिक विक्रमवीर, पुढे गेलेल्या गास्तोने नेन्चिनीला गाठण्यासाठी या खिंडीचा उतार उतरत असताना कठड्यावरून दरीत कोसळला. पाठीचे मणके मोडले आणि चोविसाव्या वर्षी त्याची कारकीर्द संपली. तेथे रस्त्याकडेला स्मृतिशिला आहे. सकाळी सावलीतल्या वळणांवर डांबर ओलसर असते आणि वळणापलीकडे मेंढ्यांचा कळप उभा असण्याची शक्यता मोटारीपेक्षा अधिक असते.

वाहतुकीचे कोणते नियम पाळावे लागतात?

उजव्या बाजूने चालवणे हा पहिला, आणि आपल्यासाठी सर्वांत धोक्याचा. गर्दीत तो आपोआप पाळला जातो. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, फोटो काढून पुन्हा निघताना, समोर कुणीच नसताना. सवयीने सायकल डावीकडे जाते. मी दांडीवर उजवीकडे निर्देश करणारी चिकटपट्टी लावली होती. गावाबाहेर रात्री किंवा दृश्यमानता कमी असताना परावर्तक जाकीट सक्तीचे आहे. कानात इअरफोन घालून चालवण्यास बंदी आहे व १३५ युरो दंड आहे. गावाबाहेर ओलांडून जाणाऱ्या मोटारीने दीड मीटर अंतर ठेवायचे असते, आणि चालक ते बहुधा ठेवतात. पहिले दोन दिवस मागून येणारी गाडी हॉर्न न वाजवता का थांबली आहे, हेच कळत नाही.

पाणी आणि दुकाने यांचे काय?

पाण्यासाठी गावातले कारंजे किंवा नळ पाहावा. ‘ओ पोताब्ल’ म्हणजे पिण्याचे पाणी. ‘पोताब्ल’च्या आधी ‘नाँ’ असेल, तर पिऊ नये. चौकात नळ सापडला नाही, तर दफनभूमीत असतो, फुलझाडांना पाणी घालण्यासाठी. तो पिण्याचा आहे ना, हे मात्र पाटीवर पाहून घ्यावे. पठारावर जाताना दोन मोठ्या बाटल्या भरलेल्याच हव्यात.

दुकाने दुपारी साधारण साडेबारा ते साडेतीन–चारपर्यंत बंद असतात. भोजनगृहात दुपारचे जेवण बारा ते दोन. दोन वाजून दहा मिनिटांनी गेल्यास नम्रपणे नाही म्हणतात. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी बरेच काही बंद असते. हे मला माहीत होते, तरी एका सोमवारी मी ‘पुढच्या गावात बेकरी आहे’ या नकाशावरच्या खुणेवर विसंबून निघालो. बेकरी होती, दारावर हाताने लिहिलेली सोमवारची पाटीही होती. शेवटी समोरच्या घरातल्या आजींनी अर्धा पाव, मधाची बाटली आणि एक चमचा अंगणातल्या कठड्यावर आणून ठेवला आणि मी संपवेपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या. तेव्हापासून खिशात एका जेवणाइतके खाणे कायम असते.

शाकाहारी माणसाचे कसे जमते?

जमते, परंतु आधी कळवावे लागते. मुक्कामाचे आरक्षण करतानाच मांस आणि मासे खात नाही, अंडे चालते की नाही, हे लिहून द्यावे. बटाटा आणि ताजे चीज घोटून केलेला, ताटातून हातभर तार निघणारा ‘आलिगो’, चेस्टनटचे सूप, सेव्हेनचा गोडसर कांदा, बकरीच्या दुधाचे ‘पेलार्दाँ’ चीज यांवर दिवस छान जातात. काटेकोर शाकाहारींनी हे लक्षात घ्यावे, की येथील बहुतेक पारंपरिक चीज वासराच्या किंवा कोकराच्या जठरातील विरजणाने गोठवलेले असते. जवळच तयार होणारे रोकफोरही त्याला अपवाद नाही.

घरून नेण्याच्या खाऊबाबत: युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने मांस किंवा दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. पेढे, बर्फी, तुपाचा डबा घरीच राहू द्यावा. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याच्या वड्या चालतात, आणि एगुआलच्या वाऱ्यात राजगिऱ्याची वडी हे उत्तम इंधन आहे.

मुक्काम कुठे करावा?

पदयात्री आणि सायकलस्वारांसाठीची ‘झीत’ ही साधी निवासस्थाने, किंवा घरगुती खोल्या. ‘ताब्ल दोत’ असे लिहिलेले असेल, तर रात्रीचे जेवण यजमानांसोबत एकाच टेबलावर मिळते. जेथे गावात दुसरे भोजनगृहच नाही, तेथे हा पर्याय नसून गरज आहे. थोडे रोख युरो जवळ असावेत.

फोन चालतो का? अपघात झाल्यास?

घळींमध्ये आणि जंगलात नेटवर्क अनेकदा नसते. नकाशे आधीच उतरवून ठेवावेत. आपत्कालीन क्रमांक ११२. डी क्रमांकाचा रस्ता आणि शेवटचे ओलांडलेले गाव लक्षात ठेवण्याची सवय लावली, तर जागा सांगता येते. फोनवर गावांची नावे उच्चारण्याच्या भानगडीत न पडता ती अक्षरे सुटी सुटी सांगावीत. याच भागात एरो नदीकाठी एक गाव आहे, त्याचे स्पेलिंग इंग्रजीतल्या गंगेच्या नावासारखेच आहे आणि उच्चार ‘गाँझ’.

फ्रेंच येत नसेल तर?

चालते. मात्र दुकानात शिरताच ‘बाँझूर’ म्हटले पाहिजे. ते न म्हणता थेट विचारणा करणे उद्धटपणा समजला जातो, मग इंग्रजी कितीही चांगले असो.

सोबत सायकल न चालवणारे कुटुंबीय असतील, तर त्यांनी काय करावे?

आँद्यूझजवळ १८५६ साली सुरू झालेली बांबूची बाग आहे, आँद्यूझ ते सँ-झाँ-द्यु-गार वाफेच्या इंजिनाची पर्यटक गाडी धावते, आणि कोस मेझाँवर आव्हाँ आर्माँ ही १८९७ साली शोधलेली भव्य गुहा आहे. मोटार भाड्याने घेतल्यास हे सर्व सोपे. सार्वजनिक बस फार थोड्या आहेत.

परत येताना कस्टममध्ये सायकलीवर शुल्क मागतात का?

सायकल महाग आणि नवी दिसत असेल, तर विचारणा होऊ शकते. भारतातून निघतानाच विमानतळावरील कस्टम कक्षातून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे आणि त्यावर सायकलीच्या सांगाड्याचा क्रमांक घालून घ्यावा. त्यासाठी पेटी उघडून तळाचा क्रमांक दाखवावा लागू शकतो. म्हणून चिकटपट्टीचा एक जादा गुंडाळा हातातल्या पिशवीत ठेवावा आणि नेहमीपेक्षा तासभर लवकर पोहोचावे.